विश्लेषण : गिटारचे ‘ओपन ट्यूनिंग’ आणि तंबोऱ्याचे खाँसाहेब… कोण होते अब्दुल करीम खाँ?

काळाचौकीच्या अभ्युदयनगरात किंवा आसपासच्या चाळींत संध्याकाळी गिटारचा आवाज येणे आता नवलाचे राहिलेले नाही. फोनवर ट्यूनरचे अॅप उघडायचे, काटा मधल्या रेषेवर आला की तार लागली असे समजायचे आणि वाजवायला घ्यायचे. त्यातलीच काही मुले पुढे तारा नेहमीच्या स्वरांवरून उतरवून वेगळ्याच स्वरांत लावून पाहतात. मग डाव्या हाताचे एकही बोट न लावता सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी कानाला गोड, भरलेला नाद ऐकू येतो. याला ‘ओपन ट्यूनिंग’ म्हणतात.

इंटरनेटवर ही युक्ती अमेरिकी ब्लूज किंवा हवाई बेटांच्या नावाने सापडते. पण न दाबलेल्या तारांचा जुळलेला नाद ही कल्पना आपल्या घरातली आहे. तंबोरा म्हणजे दुसरे काय? आणि तंबोरा लावणे ही गाण्याची पूर्वतयारी नसून गाण्याचाच पहिला भाग आहे, हे ज्यांनी आयुष्यभर करून दाखवले, ते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ महाराष्ट्रातच, मिरजेत राहिले. त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

ओपन ट्यूनिंग म्हणजे नेमके काय?

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे सर्वसाधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. या तारा नुसत्या छेडल्या तर सुरेल मेळ तयार होत नाही. त्यासाठी बोटांनी तारा दाबून ‘कॉर्ड’ धरावी लागते. ओपन ट्यूनिंगमध्ये ही कॉर्ड तारांमध्येच बसवलेली असते. ‘ओपन डी’मध्ये तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लागतात. डी हा षड्ज मानला तर सरगममध्ये ते सा, प, सा, ग, प, सा असे होते. ‘ओपन जी’मध्ये क्रम प, सा, प, सा, ग, प असा येतो. साठच्या दशकात इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम यांनी रूढ केलेल्या ‘डॅडगॅड’ पद्धतीत गंधाराऐवजी मध्यम असतो. म्हणजे सा, प, सा, म, प, सा.

हवाई बेटांवर १९व्या शतकातच तारा अशा सैल करून वाजवण्याची रीत होती. तिथल्या जोसेफ केकुकू यांनी तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवण्याची पद्धत रुजवली आणि तीच पुढे ‘हवाईयन गिटार’ म्हणून जगभर गेली. कॅनडाच्या गायिका जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने अशक्त झाला होता. अवघड कॉर्ड धरणे टाळण्यासाठी त्यांनी अशा अनेक पद्धती शोधल्या.

आपल्या गिरणगावातही याचे एक भावंड आहे. गणपतीत लालबाग-परळ-काळाचौकीच्या रस्त्यांवर वाजणारा, कळा दाबून वाजवायचा ‘बँजो’ मूळ जपानी तैशोगोतो या वाद्यावरून आला. त्याच्या चालीच्या तारा एकाच स्वराला मिळवलेल्या असतात. तारा आधी एका स्वराशी एकजीव करायच्या आणि मग त्यावर चाल वाजवायची, हे तत्त्व तेच.

याचा तंबोऱ्याशी काय संबंध?

तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. रागात पंचम नसेल तर पहिली तार बदलते. मालकंसासाठी ती मध्यमावर जाते, मारवा किंवा पुरियासाठी अनेकदा निषादावर. राग बदलला की वाद्याचे ‘ट्यूनिंग’ बदलायचे, ही रीत आपल्याकडे जुनीच.

खरी गंमत पुढे आहे. तंबोऱ्यात गंधाराची तार नसतेच. तरीही तंबोरा नीट लागला की गंधार ऐकू येतो. कोणतीही तार छेडली की मूळ स्वराबरोबर तिच्यातून वरचे सूक्ष्म स्वरही निघतात. मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीने होणारे कंपन म्हणजे हा गंधार. त्याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा, म्हणजे जवारी, योग्य जागी बसली की हे सूक्ष्म स्वर खुलतात. पण चारपैकी एक तार जरी किंचित ढळली तर ते विरून जातात. म्हणूनच लागलेला तंबोरा आणि जवळपास लागलेला तंबोरा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे या फरकावरच उभे होते.

अब्दुल करीम खाँ कोण होते?

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील किराणा (कैराना) या गावी झाला. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांना तालीम मिळाली. घरात गाण्याइतकीच वाद्यांची परंपरा होती. सारंगी, बीन ही वाद्ये त्यांनी लहानपणीच हाताळली. तार किती ओढली की स्वर कुठे पोचतो, हे गळ्याआधी बोटांना समजलेला हा गवई होता.

तरुण वयात भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गवई झाले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. दोघांनी लग्न करायचे ठरवले. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, हे त्या काळच्या बडोद्याला मान्य होण्यासारखे नव्हते. १९व्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले. दरबारातली नोकरी गेली, आश्रय गेला. मुंबईमार्गे हे कुटुंब अखेर मिरजेत स्थिरावले.

मिरजच का?

मिरजेत खाँसाहेबांना प्लेगने गाठले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर ते बरे झाले, अशी आख्यायिका तिथे आजही सांगितली जाते. पुढे दर्ग्याच्या उरुसात हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पाळला.

पण मिरजेत त्यांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे तंतुवाद्ये करणारे कारागीर. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. लढाया संपल्या, शस्त्रांचे काम ओसरले, तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे आणि तूणाचे लाकूड यांपासून इथे तंबोरे घडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हाच दीड शतकाहून जुना व्यवसाय आहे.

खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. हत्यारे जवळ बाळगत, बिघडलेल्या वाद्याची जवारी स्वतः साफ करत. वाद्य कारागिराने घडवायचे आणि गवयाने फक्त वाजवायचे, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर ते आपले ‘सेटअप’ स्वतः करणारे वादक होते.

बावीस श्रुतींचा वाद काय होता?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्मोनियम म्हणजे पेटी घरोघर पोचली होती. पेटीचे सूर पियानोप्रमाणे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. गिटारचे पडदेही याच मापाने बसतात. सोय मोठी आहे, कारण कोणत्याही पट्टीत वाजवता येते. पण या सोयीची किंमत असते. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा असतो. दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यांतले सुमारे चौदा भाग. पंचमातला फरक मात्र जेमतेम दोन भागांचा.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. तारेच्या लांबीच्या मोजमापांवरून त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये आले. गणित कागदावर होते, पण ते गाण्यात खरे ठरते का हे तपासायला अचूक गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. कुठल्या रागात कोणता स्वर कुठे लागतो, हे ते गाऊन दाखवत आणि तारेवर त्याचा माग काढला जाई.

दरबारी गवयांनी विद्या लपवून ठेवायची, त्या काळात एका मोठ्या उस्तादाने आपले स्वर मोजपट्टीला लावू देणे ही लहान गोष्ट नव्हती. या अभ्यासातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय गाजला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ही मांडणी मान्य नव्हती. राग जिवंत असतो, प्रत्येक गवयाचा स्वर थोडा वेगळा लागतो, मग त्याला ठरावीक पट्ट्यांत कसे बसवायचे, हा आक्षेप आजही गैरलागू झालेला नाही. श्रुतींची पेटी प्रचारात आली नाही. प्रश्न मात्र उरला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, त्यामागेही हाच मुद्दा होता.

शाळा, मुंबई आणि विस्कटलेले घर

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. अनेक विद्यार्थी त्यांच्याच घरी राहत, जेवत आणि शिकत. खर्च भागवायला विद्यालयाचे जाहीर जलसे होत. काही वर्षांनी मुंबईतही विद्यालयाची शाखा निघाली. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात सूर मिळवायला शिकवले होते आणि त्याला जलशातही आणले होते, ही हकीकत संगीतवर्तुळात अजून सांगितली जाते. त्यातला गमतीचा भाग सोडला तर एक विश्वास दिसतो. सूर हा खानदानाचा ठेवा नाही, कान तयार झाला तर तो कोणालाही सापडू शकतो.

घरात मात्र मेळ राहिला नाही. विद्यालयाचा संसार, पैशांची ओढाताण आणि मतभेद यांतून १९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकिना सरस्वतीबाई झाल्या आणि पुढे सरस्वती राणे म्हणून ओळखल्या गेल्या. कमलाबाई आणि कृष्णराव ही आणखी दोन भावंडे. मराठी रसिकांना ही नावे तोंडपाठ होती, पण त्यांचे वडील कोण हे अनेकांना उशिरा कळले.

मुलांचे पुढचे शिक्षण किराण्याचेच दुसरे मोठे गवई अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचे धाडस केले, तेही स्त्रीने सभागृहात बैठक मारून गाणे लोकांच्या पचनी पडत नव्हते त्या काळात. सरस्वतीबाईंनी १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटासाठी पार्श्वगायन केले. वडिलांचे नाव गेले, सहवासही गेला. पण या भावंडांचे गाणे ऐकताना तंबोऱ्यात मिसळून जाणारा तोच संथ, लांब स्वर ऐकू येतो. कोणत्याही वारसापत्राशिवाय तो त्यांच्याकडे आला होता.

त्यांचे गाणे वेगळे का वाटते?

खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीतला आणि करुण होता. ताकदीच्या ताना, लयीची झटापट यांपेक्षा एकेका स्वरावर थांबून राग उलगडणे त्यांना प्रिय होते. स्वर तंबोऱ्यावर इतका नेमका बसे की गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली हे कळू नये.

म्हैसूर दरबाराच्या निमित्ताने त्यांचे दक्षिणेत येणे-जाणे वाढले. कर्नाटक संगीतातली सरगमची पद्धत त्यांनी आपल्या ख्यालगायनात आणली. त्यागराजांची एक रचनाही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या उस्तादासाठी हे अपूर्व होते. या प्रवासांमुळे धारवाड-हुबळी पट्ट्यात किराण्याचे बीज पडले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. त्यांच्याकडे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर शिकले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून याच परंपरेच्या नावाने भरतो. रोशनआरा बेगम या त्यांच्या आणखी एका शिष्या. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि किराणा घराणे सरहद्दीपलीकडेही पोचले.

उतारवयात त्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रिका आज फोनवर सहज मिळतात. झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या सर्वाधिक लोकप्रिय ठरल्या. झिंझोटीतली ठुमरी १९३५ च्या ‘देवदास’मध्ये कुंदनलाल सैगल यांनीही गायली. त्यांनी मराठी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित केली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचाच वेळ, तरीही त्यांत घाई जाणवत नाही.

अखेरचा तंबोरा

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासला गेले होते. तिथून श्री अरविंदांच्या आश्रमासाठी पाँडिचेरीला निघाले असता वाटेत, रेल्वेत, छातीत कळ आली. सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढली, मग तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी कानड्यात ईश्वराचे नाव घेत गायले. गाता गाताच ते शांत झाले. तो दिवस होता २७ ऑक्टोबर. पासष्टावा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता.

पार्थिव मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीत सभा होते. वेळ किती उरली आहे हे कोणालाच ठाऊक नसताना, अनोळखी फलाटावर, आधी तंबोरा लावून घ्यावा आणि मगच गावे, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी सूर जुळवणे ही औपचारिकता नसते.

गिटार शिकणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

गिटार भारतीय रागसंगीतात आली ती खुल्या तारांच्या वाटेनेच. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटार रागांसाठी घडवली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ चा अल्बम आजही ऐकला जातो. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. राय कूडर यांच्यासह केलेल्या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. एक तारा खुल्या लावणारा अमेरिकी, दुसरा भारतीय. दोघांनाही एकमेकांची भाषा लगेच कळली, कारण दोघांच्याही तारांत षड्ज-पंचम आधीच बोलत होते.

घरी करून पाहायचे असेल तर ओपन डी सोपे आहे. सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तार ई वरून डी वर उतरवा. बारकीकडून दुसरी बी वरून ए वर आणि तिसरी जी वरून एफ शार्पवर. उरलेल्या दोन तशाच राहतात. सगळ्या तारा सैलच करायच्या असल्याने तुटण्याची भीती नाही.

आता अॅपने सगळे हिरवे दाखवले की फोन बाजूला ठेवा. तारा एकदम छेडा आणि नाद विरेपर्यंत ऐका. तिसरी तार, म्हणजे गंधार, किंचित बोचेल. तिची खुंटी अगदी थोडी सैल करा, पुन्हा ऐका, पुन्हा थोडी. एका जागी थरथर थांबते आणि सहा तारांचा एकच आवाज होतो. अॅपचा काटा तेव्हा मध्यापासून चौदा भाग डावीकडे असेल, म्हणजे त्याच्या हिशेबाने तार उतरलेली असेल. तीच तार दाबून दुसऱ्या कॉर्ड वाजवताना ती कमी पडेल, हेही खरे. म्हणून खुल्या तारांवर किंवा कांडी सरकवून वाजवतानाच हा बदल करायचा.

अॅप चुकीचे नाही. ते बारा समान भागांचे माप सांगते आणि बँडमध्ये कीबोर्डबरोबर वाजवायचे तर तेच माप पाळावे लागते. पण ते एकच माप नाही. दुसरे माप तारेच्या आतच असते आणि ते ऐकायला कान लागतो. खाँसाहेबांनी मिरजेत, पुण्यात, मुंबईत आणि शेवटी त्या फलाटावर भरवसा ठेवला तो या दुसऱ्या मापावर. काळाचौकीतल्या खोलीत गिटार घेऊन बसलेल्या मुलालाही ते तितकेच उपलब्ध आहे. त्यासाठी वेगळे वाद्य घ्यायला नको, वाजवण्याआधी पाच मिनिटे थांबून ऐकले तरी पुरते.